खेळातल्या शेतात भाव कधी पडत नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, आणि तेव्हापासून आमच्या अंबाजोगाईच्या बाजूला पारावर, पालकसभेत, लग्नाच्या मांडवात एकच वाद ऐकू येतो. एक बाजू म्हणते, ह्या गेमनं पोरं हातची गेली, सगळंच बंद करा. दुसरी म्हणते, अहो, जगात केवढा मोठा धंदा आहे हा, पोरांना त्यात करिअर करू द्या. तिसऱ्या बाजूचा आवाज अलीकडे वाढलाय. ती म्हणते, गेम हवेत, पण आपल्या संस्कृतीचे हवेत. बंदुकीच्या जागी गदा द्या, परदेशी शहराच्या जागी आपला किल्ला दाखवा. तिन्ही बाजूंची माणसं तळमळीनं बोलतात, त्याबद्दल मला शंका नाही. पण ज्या गेमवरून इतकं भांडण चाललंय, त्याचे नियम काय आहेत हे तिघांपैकी एकही विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. गेमचा जीव त्याच्या नियमात असतो. काय केलं की काय मिळतं, कुणाला आधी मिळतं, चुकलं तर किंमत कोण मोजतं, हे नियम ठरवतो, आणि ते ठरवताना जग कसं चालतं ह्याबद्दल एक ठाम विधान करून जातो. म्हणून गेममधला खरा प्रयोग नव्या चित्रांनी होत नाही, नव्या नियमानं होतो. आणि पावसाच्या, मोंढ्याच्या, मुकादमाच्या वहीच्या, टँकरच्या रांगेच्या नियमांखाली पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या मराठवाड्याकडे अशा प्रयोगांसाठी जी शिदोरी आहे, ती मोठमोठ्या स्टुडिओंना पैसे मोजूनही मिळणार नाही. ती वाया चाललीय, कारण गेम चांगला की वाईट ह्याच उंबरठ्यावर आपण अजून भांडत उभे आहोत.

माझा पुतण्या संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. २०२४ च्या दिवाळीत तो गावी आला तेव्हा घरात सोयाबीनची थप्पी लागलेली होती. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि मोंढ्यात आडत्या चार हजारांच्या आसपास बोलत होता. विकावं की थांबावं हे ठरत नव्हतं. पुतण्या ओसरीवर बसून फोनवर ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळत होता. शेतीचा गेम आहे. एरिक बरोन ह्या एकट्या माणसानं चार वर्षांहून जास्त काळ खपून तो तयार केला आणि २०१६ साली बाहेर काढला. आजोबांची पडीक जमीन साफ करायची, पेरायचं, पाणी घालायचं, माल पेटीत टाकायचा, सकाळी पैसे जमा. आबा शेजारी येऊन टेकले, चष्मा लावून बघायला लागले.

“पाऊस कवा येतो ह्यात?”

“टीव्हीवर आदल्या दिवशी सांगतेत, आबा.”

“आन् सांगितल्यावानी येतो?”

“येतो.”

“भाव?”

“ठरलेला आस्तोय. कितीबी पिकवा, पडत न्हाई.”

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग ह्यात शेतकरी करतो काय?”

मी त्या गेमला नावं ठेवत नाही. शहराला कंटाळलेल्या माणसाला मातीची, शेजाराची, ऋतूंची सोबत देणं हे त्याचं काम आहे आणि ते तो मायेनं करतो. पण आबांनी जे विचारलं ते गेमच्या मुळावर बोट ठेवणारं होतं. पाऊस सांगून येतो आणि भाव पडत नाही, ह्या दोन नियमांतून एक तत्त्वज्ञान उभं राहतं: कष्ट करा, फळ मिळेलच. ज्याला फळ मिळालं नाही तो कमी राबला असणार, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. २००९ साली फेसबुकवर आलेल्या ‘फार्मव्हिल’चा नियम आणखी निराळा होता. तिथं ठरल्या वेळी तुम्ही परत आला नाहीत तर पीक वाळायचं. २०२० च्या अखेरीस तो बंद झाला, पण तोवर जगभरची माणसं कामधाम सोडून नसलेल्या शेताकडे धावत होती. त्या शेताला दुष्काळाची भीती नव्हती, तुमच्या गैरहजेरीची होती. दोन्हीकडे नांगर दिसतो, बी दिसतं, हिरवंगार रान दिसतं. तरी हे दोन वेगळे गेम आहेत आणि आबांची शेती ह्या दोन्हींत नाही.

ती आणायची तर काय करावं लागेल? धोतर नेसलेला शेतकरी आणि मागे मारुतीचं देऊळ काढून भागेल का? नाही भागणार. नियम बदलावे लागतील: पेरायचं की नाही ते पाऊस कळायच्या आधी ठरवायचं. उगवून वाळलं तर दुबार पेरणीचं बी उधारीवर आणायचं. आणि भाव कळणार सगळ्यांचा माल बाजारात आल्यावर, तोही असा की जितक्या खेळाडूंनी एकच पीक घेतलं तितका तो खाली. मग शेजाऱ्यानं काय पेरलंय हे बघण्यासाठी तुम्ही त्याच्या बांधावर जाल, तो खरं सांगतोय का ह्याचा अंदाज घ्याल, मोबाइलवर हवामानाचा अंदाज वाचाल आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा ह्याचाही अंदाज कराल. चित्रं नसली तरी चालतील, कागदावर खेळता येईल. दोन-तीन डावांत लातूरच्या मोंढ्याचं अर्थशास्त्र पुण्यातल्या मुलालाही अंगावर येईल.

तिसऱ्या बाजूशी माझं भांडण इथंच आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ आणला. भावाला शोधत निघालेली मुलगी, आपल्याकडचे देव-दैत्य, आपल्याकडची शिल्पं. डोळ्यांना सुख देणारा गेम आहे आणि आपल्या माणसांनी तो केला ह्याचा मला अभिमान वाटतो. पण उडी मारायची, शत्रू लोळवायचे, पुढच्या दारातून जायचं, हा नियम जगाला आधीपासून ठाऊक असलेलाच आहे. आपलेपण चित्रापाशी थांबलं की असं होतं.

देवगिरीचंच घ्या. उद्या कुणी देवगिरीवर गेम काढलाच, तर कडा, खंदक, तोफा, मशाली सगळं हुबेहूब येईल आणि त्यात आपण तलवार फिरवत वर चढू. पण देवगिरी पाहायला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, काय आठवतं? अंधारी आठवते. सरळ तासलेला कडा, भोवती खडकात खोदलेला खंदक, वर जायला एकच वाट, आणि ती वाट डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या काळोख्या, वळणावळणाच्या भुयारातून. उन्हातून आत शिरलेल्या माणसाला पहिली काही पावलं काहीच दिसत नाही. वाटाड्या हातातला उजेड विझवतो, पोरं किंचाळतात, आणि मग तो सांगतो की इथं शत्रूचेच लोक एकमेकांना कापत. ज्यानं ही वाट खोदली त्यानं एक नियम लिहिलाय: तू जितका घाईत आणि जितक्या संख्येनं येशील, तितका तू स्वतःलाच धोका आहेस. वेग आणि संख्या म्हणजे ताकद, हा बंदुकीच्या गेमचा पहिला नियम इथं पार उलटा होतो. देवगिरीचा गेम करायचा तर हा नियम घ्या. मग दगडाचा रंग हुबेहूब जमला नाही तरी तो देवगिरीचाच गेम होईल आणि तसा दुसरा जगात नसेल.

इथं मला कुणी अडवेल, की नियमच सगळं असेल तर नावांची, गोष्टींची गरजच काय? रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच घरात पडलंय. मोक्षपटाचं श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते, आणि त्यांचं आपेगाव पैठण तालुक्यात, गोदाकाठी. ह्या पटावर घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावं. शिडी सद्गुणापाशी लागलेली, सापाचं तोंड दुर्गुणावर. कवड्या पडतील तसं माणूस चढायचा, घसरायचा आणि शेवटच्या घराकडे सरकायचा. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात गेला. तिथं त्या काळच्या इंग्रजी नीतिशिक्षणाची नावं घरांवर आली, पुढे तीही गळाली, आणि आज जत्रेत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पटावर एक ते शंभर आकडे आणि रंगीत साप एवढंच उरलंय. नियम तोच, अर्थ उडाला. म्हणजे एकट्या नियमानं भागत नाही. नाव आणि नियम एकमेकांत गुंफले गेले पाहिजेत. सापशिडीत नियम राहिला आणि नाव गेलं. गदेच्या गेममध्ये नाव राहतं आणि नियम परका असतो. दोन्हीकडे वीण उसवलेलीच.

वीण उसवली की काय होतं ह्याचा याहून बोचरा दाखला अमेरिकेतला आहे. लिझी मॅगी नावाच्या बाईनं १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. जमीन मूठभरांच्या हाती गेली की खंड भरता भरता बाकीचे कसे नागवतात, हे लोकांना खेळून कळावं हा तिचा हेतू होता. तिनं नियमांचे दोन संच केले. एकात संपत्ती तयार झाली की सगळ्यांचा वाटा, दुसऱ्यात एकानं सगळ्यांना गिळायचं. दोन्ही खेळा आणि फरक अनुभवा, असा तो धडा होता. १९३५ साली ‘मोनॉपली’ म्हणून तो खेळ मोठ्या कंपनीकडून बाजारात आला तेव्हा गिळण्याचा संच तेवढा उरला होता. आपण उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ खेळायचो तो त्याच घराण्यातला. मुंबई घेतली, दिल्ली घेतली, आणि धाकट्या बहिणीला कफल्लक केलं की आनंदानं ओरडायचं. जमीनदारीविरुद्ध काढलेल्या खेळानं घरोघरी जमीनदारीची हौस शिकवली, ती एक नियमसंच वगळल्यामुळं. तेव्हा नियम कोण लिहितो आणि कोण खोडतो हा सार्वजनिक प्रश्न आहे. पोरांच्या खेळापुरता तो नाही.

आता ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांचं जे खरं आहे ते मान्य केलंच पाहिजे. आमच्या ओळखीतल्या एका घरात मुलानं बैलजोडीसाठी ठेवलेले पैसे ऑनलाइन रमीत घालवले. बाप अजून कुणाशी धड बोलत नाही. पैसे लावायच्या खेळांवर कायद्यानं बंदी आणली ती योग्यच झाली असं मी म्हणतो. पैसे न लावताही झोप, अभ्यास, नजर बिघडवणारे गेम आहेत, हेही खरं. पण ते तसे आपोआप झालेले नाहीत. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, अमुक तासांनी पेटी उघडणार, हे कुणीतरी बसून, विचार करून लिहिलेले नियम आहेत. मुलाला फोन हिसकावून घेताना आपण त्याला हे दाखवत नाही की बघ, हा नियम तुझ्या करमणुकीसाठी नाही, तुला परत बोलावण्यासाठी आहे. ज्यानं आयुष्यात एकदा तरी स्वतः खेळाचा नियम रचलाय, त्याला हे सांगावं लागत नाही. मातीचं काम केलेल्या माणसाला भिंतीतला पोकळ भाग हात लावताच कळतो, तसंच आहे हे. त्यामुळं गेमची भीती ज्यांना सगळ्यांत जास्त वाटते, त्यांनीच खरं तर शाळाशाळांतून गेम रचायला शिकवा असा आग्रह धरायला हवा.

दुसरा आक्षेप आमच्या भागात हमखास येतो, आणि तो पोटातून येतो. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात पुरानं माती खरवडून नेली. इथं गेमच्या प्रयोगांचं काय घेऊन बसलात? ह्या प्रश्नापुढं मी बराच काळ निरुत्तर होतो. पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे, की नवी कल्पना ही भरल्या पोटाची आणि महागड्या यंत्राची चैन आहे. इतिहास तसं सांगत नाही. १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव ‘टेट्रिस’ हा वरून पडणारे ठोकळे रचायचा गेम लिहीत होता, तेव्हा त्याच्या यंत्राच्या पडद्यावर चित्र उमटतच नव्हतं. त्यानं अक्षरांतले कंस जोडून ठोकळे केले. जपानात १९७८ साली तोमोहिरो निशिकादोनं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. शत्रू कमी होत गेले की यंत्रावरचा भार हलका व्हायचा आणि उरलेले शत्रू पळू लागायचे. त्यानं ते खोट म्हणून काढून टाकलं नाही, तसंच ठेवलं, आणि शेवटाकडे खेळ चढत जाण्याचा नियम जगाला मिळाला. निन्टेन्डोचे गुनपेई योकोई तर उघड सांगत की जुनं झालेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि त्याला कुणी न लावलेल्या कामाला लावा. त्यांचा गेम बॉय, हातात धरून खेळायचं यंत्र, १९८९ साली बिनरंगी पडद्याचा होता. समोर रंगीत पडद्याचे प्रतिस्पर्धी उभे होते, तरी टिकला तोच. ट्रकच्या मोडक्या पाट्यातून कोयता घडवणारा आमच्याकडचा लोहार ह्याहून वेगळं काय करतो?

आणि रूपाच्या हलकेपणाबद्दल बोलायचं तर पैठणच्या नाथांकडे बघा. सोळाव्या शतकात, शास्त्र संस्कृतातच शोभतं असं मानणाऱ्यांच्या गावात राहून त्यांनी भारूड उचललं. वासुदेव, जोशी, गारुडी, भुत्या, म्हणजे दारोदार फिरणाऱ्यांची सोंगं. लोकांना ती करमणूक वाटायची आणि त्याच करमणुकीतून वेदान्त घरात शिरायचा. विंचू चावला म्हणून नाचणारा माणूस बघून हसणाऱ्याला तो विंचू आपल्याच आतला आहे हे घरी जाताना कळायचं. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल की लोक उपाशी आहेत आणि हे सोंगं कसली नाचवताहेत.

सगळ्यांत जड आक्षेप मात्र तिसरा आहे. तुम्ही लोकांच्या दुःखाचा खेळ करणार का? हा प्रश्न मला एका ऊसतोड कामगाराच्या मुलीनंच विचारला होता, म्हणून तो मी बाजूला सारू शकत नाही.

बीड जिल्ह्यातून दसऱ्या-दिवाळीनंतर लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’. मुकादम, म्हणजे तोडीला माणसं नेणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते कोयत्यावर. दोघांतला एक जरी आजारी पडला तरी खाडा, म्हणजे कामाचा दिवस बुडाला, आणि खाड्याला दंड. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर ती अंगावर राहते आणि पुढच्या साली त्याच मुकादमाकडे जावं लागतं. २०१९ साली ह्या भागातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी राज्यभर गाजली, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा शहरातल्या शिकल्या-सवरल्या माणसांनी मला विचारलं, “पण बायका तयार कशा होतात?” त्यांनी बातमी वाचली होती, आकडे वाचले होते. कळला नव्हता तो नियम. पाळीच्या चार दिवसांत खाडा पडतो, खाड्याचा दंड उचलीत चढतो, उचल अंगावर राहते, हे तीन दुवे एकापाठोपाठ एक अंगावर घेतले की ‘तयार कशा होतात’ हा प्रश्न विचारायला तोंड राहत नाही. लेख हे सांगू शकतो, मी आत्ता सांगितलंच. पण वाचणारा बाहेर उभा असतो. खेळणाऱ्याला निवड स्वतः करावी लागते, आणि तीही तिन्ही बाजूंनी कोंडल्यावर.

हे जमतं, हे जगात दिसून आलंय. लुकास पोप ह्यानं २०१३ साली केलेल्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये तुम्ही एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून असता. जितकी माणसं तपासाल तितका पगार. चुकलात तर कापला जातो. संध्याकाळी घरी भाडं, अन्न आणि ऊब ह्यांत वाटणी करायची. समोर एक बाई कागद अपुरे घेऊन उभी राहते आणि तुम्ही शिक्का उचलता. नाही म्हणणारी माणसं दुष्टच असतात असं नाही, हे मला त्या शिक्क्यानं जितकं शिकवलं तितकं व्याख्यानांनी शिकवलं नाही. तहसीलच्या खिडकीच्या आतला आणि बाहेरचा असे दोन्ही खेळाडू घेऊन आपल्याकडचा असा गेम का होऊ नये? पोलंडच्या ‘धिस वॉर ऑफ माइन’मध्ये (२०१४) सैनिक नाही, वेढ्यात अडकलेली साधी माणसं आहेत, साराजेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला. २०२० साली पोलंड सरकारनं तो शाळकरी मुलांच्या वाचनयादीत घातला.

तरीही त्या मुलीच्या प्रश्नाचा अर्धा भाग मला जसाच्या तसा मान्य आहे. दुःखाला गुण लावले, पदकं दिली, ‘दहा खाडे वाचवले’ म्हणून टाळ्या वाजवल्या, तर तो गुन्हा आहे. शेतकऱ्याची आत्महत्या हा एखाद्या गेमचा एक ‘शेवट’ झालेला मला बघायचा नाही. आणि ज्यांचं जगणं आहे त्यांना दूर ठेवून कुणी बाहेरचा हे करणार असेल तर मी विरोधात उभा राहीन. अलास्कातल्या इनुपिआत लोकांनी २०१४ साली ‘नेव्हर अलोन’ केला तेव्हा त्यांची म्हातारी माणसं, कथेकरी आणि गेम करणारे एकत्र बसले. मुलगी आणि कोल्हा, दोघांनी एकमेकांना धरूनच पुढे जायचं, हा त्यातला नियम त्यांच्या बर्फातल्या जगण्यातूनच आला. तशी बैठक आमच्याकडे बसली पाहिजे. दोन खेळाडू आणि सोंगटी एकच, ही कोयत्याच्या गेमची पहिली ओळ मला सुचली. दुसरी ओळ मी लिहू नये. ती ज्यांनी तोडीवरच्या कोपीत, त्या झोपडीत, दिवस काढलेत त्यांनी लिहावी.

राहता राहिला बाजार. प्रयोग विकले जात नाहीत, असं म्हणतात. बहुतेक विकले जात नाहीत, खरंय. म्हणूनच ते स्वस्तात आणि पुष्कळ व्हावे लागतात. २००५ साली अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी ठरवलं: एक गेम, एक माणूस, सात दिवस. एका सत्रात पन्नासावर गेम झाले. त्यातले पुष्कळसे विसरले गेले, आणि एकाचा पुढे २००८ साली ‘वर्ल्ड ऑफ गू’ झाला. मराठवाड्याला हे काही नवं आहे का? आमच्याकडे एकांकिका स्पर्धा असतात त्या ह्याच हिशेबानं. चार खोके, दोन स्पॉट, गावातल्या शिंप्याकडून आणलेले कपडे, आणि पन्नासातली एक एकांकिका अशी निघते की पुढची दहा वर्षं नाटकवाले तिचं नाव काढतात. उरलेल्या एकोणपन्नास वाया गेल्या असं कुणी म्हणत नाही. राज्य मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलंय. त्यातला पैसा मोठ्या शहरांतल्या मोठ्या इमारतींत जाईल अशी मला भीती वाटते. त्यातला अगदी थोडा वाटा नांदेड, परभणी, धाराशिवच्या कॉलेजांत सात दिवसांच्या शिबिरांना द्या. मराठीत चालणारी साधी साधनं तयार करून घ्या. एकांकिकेला परीक्षक असतो तसा नियम वाचता येणारा परीक्षक बसवा, चित्रांवर भाळणारा नको.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मागच्या उन्हाळ्यात सातवीच्या मुलांना पुठ्ठा, चिंचोके आणि जुन्या शर्टांची बटणं दिली आणि सांगितलं, आपल्या गावात घडतं त्याचा खेळ करा. एका मुलीनं टँकरचा खेळ केला. प्रत्येकाकडे तीन बटणं, म्हणजे घरातली तीन माणसं. एक रोज शाळेच्या घरात गेलं पाहिजे. टँकर कधी येणार हे चिंचोके ठरवणार. टँकर आला तेव्हा बटण रांगेत नसेल तर पाणी नाही, आणि रांगेत असेल तर शाळा नाही. ज्याचं घर रस्त्याला लागून, त्याला दोनदा भरायची मुभा. एक मुलगा चिडला, “हे बरोबर न्हाई, त्याला दोनदा का?” ती मान वर न करता म्हणाली, “आसंच आस्तंय.” चार डाव झाले, रस्त्याकडचंच घर जिंकत राहिलं, ती स्वतः दोनदा हरली. मी विचारलं, मग ह्यात बदल काय करता येईल? ती बराच वेळ पटाकडे बघत बसली. मग तिनं एक नियम जोडला: दोन घरांनी मिळून एकच बटण रांगेत ठेवलं तर चालेल, पाणी अर्धं-अर्धं, पण दुसऱ्या घराचं बटण शाळेत जाऊ शकतं. ज्याच्याशी वाटून घ्यायचं त्याच्यावर भरवसा ठेवावा लागणार, कारण रांगेतलं बटण त्याच्या हातात. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता, आणि जगातल्या कुठल्या गेममधून तिनं तो उचलला नव्हता. तिच्या घरात तोवर फोनही नव्हता.

ह्या वर्षी तोडीवरून परतलेल्या दोन मुलांनी कोयत्याचा खेळ करायला घेतलाय. सोंगटी एकच, धरायला दोघं, हे त्यांना लगेच पटलं. अडलंय ते मुकादमापाशी. मुलगा म्हणतो मुकादम खेळाडू पाहिजे, कारण तोही कारखान्याकडून उचलतो, त्याचीही माणसं पळून जातात, तोही बुडतो. मुलगी म्हणते, तो खेळाडू नाही, तो नियम आहे. खेळाडूशी भांडता येतं, मुकादमाशी कुठं येतं? दोन दिवस झाले, त्यांचं ठरत नाही. पुठ्ठ्यावर मुकादमाची जागा त्यांनी तोवर मोकळी सोडलीय.